पुसलेली वाडी

छायाचित्रणाचा छंद असलेल्या गृहस्थाच्या घरीं चहाला जावें, आणि चहाच्या पेल्याआधीं त्याचा मोबाईल आपल्या हातीं पडावा. मग गेल्या सहलीचीं शेंदोनशें चित्रें पाहिल्यावांचून सुटका होऊं नये, हा अनुभव आमच्या बहुतेक वाचकांस असेल. आम्ही स्वतः हा अपराध गेलीं पंचवीस वर्षें करीत आलों आहोंत. तेव्हां पुढें जी टीका करावयाची आहे तिच्यांतून आम्ही आपणांस वगळूं इच्छीत नाहीं.

आमची तक्रार चित्रांच्या संख्येबद्दल नाहीं. ती अशी कीं आपल्या चित्रांची पारख करण्याचें काम आम्हां हौशी मंडळींनीं जवळजवळ टाकून दिलें आहे, आणि तिची जागा 'एडिटिंग' नांवाच्या सुधारणेनें घेतली आहे. चित्र मुळांत चांगलें आहे कीं वाईट, हा प्रश्न कोणी विचारीत नाहीं. तें आणखी देखणें कसें होईल, एवढीच चिंता. नगर जिल्ह्यांतील, म्हणजे आतांच्या अहिल्यानगर जिल्ह्यांतील, भंडारदरा हें या रोगाचें निदान करण्यास फार सोयीचें ठिकाण आहे. तेथें आमचें वर्षांतून एकदां तरी जाणें होतें, आणि आमच्या रोगाचें निदानहि तेथेंच झालें. तें कसें, हें ओघानें येईलच.

या विषयांत दोन पंथ आढळतात. पहिला सोंवळ्याचा. कॅमेऱ्यांतून जें निघालें तें जसेंच्या तसें ठेवावें, त्याला बोट लावणें म्हणजे तें बाटविणें, असें या पंथाचें मत. हें मत ऐकावयास मोठें शुद्ध वाटतें. पण इतिहासाशीं त्याचा मेळ बसत नाहीं. मुंबईंत फोटोग्राफिक सोसायटी निघाली ती १८५४ सालीं, डॉ. भाऊ दाजींचे बंधु नारायण दाजी हे तिच्यांतले. त्या काळीं कांचेवर जें रसायन लावीत, त्याला निळें आकाश आणि पांढरा कागद यांत फारसा भेद कळत नसे. आकाश कोरें येई, आणि ढग हवे असले तर ते दुसऱ्या कांचेवरून आणावे लागत. फ्रान्समध्यें गुस्ताव्ह ल ग्रे यानें त्याच दशकांत समुद्र एका कांचेवरून आणि आकाश दुसरीवरून छापून आपलीं प्रसिद्ध चित्रें सिद्ध केलीं. पुढें अंधारखोल्या आल्या, तेव्हां कागदाचा एक भाग हातानें झांकून उजळ राखणें आणि दुसऱ्यावर अधिक प्रकाश पाडून तो गडद करणें, ही प्रत्येक छापणाऱ्याची नित्याची विद्या होती. चित्र कातरण्याचा कट्टर विरोधक अशी ज्याची ख्याति, त्या आंरी कार्तिए-ब्रेसाँचें पॅरिसमधील १९३२ सालचें चित्र, साचलेल्या पाण्यावरून झेंप घेणाऱ्या माणसाचें, जगभर गाजलें. तेंहि बाजूंनीं कातरलेलेंच आहे. आजचा मोबाईल तर बटण एकदां दाबलें असतां आपल्या नकळत अनेक चित्रें टिपून त्यांचें एक करतो. अशा यंत्रांतून निघालेल्या चित्रास 'अस्पर्श' म्हणावयाचें, तर स्पर्श कशाला म्हणावें?

दुसरा पंथ अगदीं उलट टोंकाचा, आणि आज संख्येनें तोच प्रबळ. छायाचित्रण ही कला आहे. चित्रकार आपल्या कुंचल्यानें झाड हलवितो, डोंगर उंच करतो, मग आम्हांसच बंदी कां, असा या पंथाचा सवाल आहे. सवाल चतुर आहे, पण उत्तर अवघड नाहीं. चित्रकारानें काढलेला डोंगर पाहून 'असा डोंगर कोठें आहे, मला तेथें जावयाचें आहे' असें कोणी म्हणत नाहीं. छायाचित्र पाहून मनुष्य नेमकें हेंच म्हणतो. छायाचित्राची निम्मी मोहिनी त्याच्या साक्षीपणांत असते. ती मोहिनी वापरावयाची आणि साक्ष मात्र फिरवावयाची, हा व्यवहार सरळ नव्हे. मोठमोठ्यांनाहि तो पचलेला नाहीं. 'नॅशनल जिऑग्राफिक'नें १९८२ च्या फेब्रुवारींत मुखपृष्ठाच्या उभ्या चौकटींत बसावे म्हणून गीझाचे पिरॅमिड संगणकावर एकमेकांजवळ सरकविले. त्या सरकवण्याची चर्चा चाळीस वर्षांनंतरहि थांबलेली नाहीं. स्टीव्ह मॅकरी या नामांकित छायाचित्रकाराच्या चित्रांतून वस्तु व माणसें गाळलेलीं आढळलीं तेव्हां, २०१६ सालीं, आपण वृत्तछायाचित्रकार नसून दृश्यांतून गोष्ट सांगणारे आहोंत, असा खुलासा करण्याची पाळी त्यांच्यावर आली.

येथें आमचे हौशी मित्र म्हणतील, 'तीं वर्तमानपत्रांचीं आणि मासिकांचीं माणसें. आम्ही चित्र विकीत नाहीं, छापीत नाहीं, दिवाणखान्यांत टांगतों. आमच्या सुधारणेनें कोणाचें काय बिघडलें?' आम्हीहि असेंच म्हणत होतों. आमचें मत कसें पालटलें तें आतां सांगतों.

कांहीं वर्षांपूर्वीं आश्विनांत, पाऊस उघडल्यावर, सरोवराच्या पलीकडच्या कांठावरून आम्हीं पहाटे एक चित्र घेतलें. पाणी निश्चल, त्यावर धुक्याचा पातळ पदर, मागें डोंगरांची निळी रांग. परंतु उजव्या कोंपऱ्यांत धरणाच्या भिंतीचें टोंक आलें होतें, वरून विजेच्या तारा गेल्या होत्या, आणि उतारावर एका वाडीचीं आठदहा छपरें, कांहीं कौलांचीं, कांहीं पत्र्याचीं, दृश्याच्या शांततेंत व्यत्यय आणीत होतीं. घरीं येऊन आम्हीं दोन रात्री संगणकापुढें बसून तिन्ही पुसून टाकलीं. चित्र मोठें करून चौकटींत बसविलें. महाविद्यालयाच्या प्रदर्शनांत त्याची वाखाणणी झाली. एका सहकाऱ्यानें तर हें काश्मीर काय, म्हणून विचारलें, आणि आम्हीं तें प्रशस्तिपत्र म्हणून स्वीकारलें.

पुढच्या खेपेस एक प्रत आम्ही ज्यांच्याकडे नेहमीं उतरतों त्या गृहस्थांस भेट म्हणून नेली. त्यांनीं ती दोन्ही हातांनीं धरून बराच वेळ पाहिली, आणि म्हणाले, "फोटू लई ब्येस हाय, सर. पर आमची वाडी कुठं गेली?"

ती दृश्यांत नीट बसत नव्हती म्हणून काढली, असें आम्हीं चांचरत सांगितलें. ते हंसले. त्यांच्या हंसण्यांत राग नव्हता. म्हणूनच तें आमच्या अधिक जिव्हारीं लागलें. म्हणाले, "आजा सांगायचा, धरण झालं तवा जुनी वाडी पाण्यात गेली, म्हनून हितं वर येऊन बसलो. आता वरनंबी काढली म्हना की!"

त्या रात्रीं आम्हांस बराच वेळ झोंप आली नाहीं. आम्हीं केलें होतें तें काय, याचा विचार करूं लागलों, तेव्हां दिसून आलें कीं आमचें चित्र केवळ खोटें नव्हतें, तें अडाणीहि होतें. भंडारदऱ्याचें सरोवर निसर्गानें केलेलें नाहीं. प्रवरेवरील त्या धरणाचें काम १९१० सालीं सुरू झालें, आणि १० डिसेंबर १९२६ रोजीं मुंबईचे गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांच्या हस्तें त्याचें उद्घाटन झालें. भिंतीची उंची सुमारें २७० फूट, आणि तिच्यामागें सुमारें अकरा हजार दशलक्ष घनफूट पाणी. त्याच पाण्यावर खालच्या तालुक्यांतला ऊंस उभा आहे. धरणाच्या पायथ्याशीं ज्या छत्रीच्या आकाराच्या धबधब्यापुढें सहलीचीं मंडळी 'निसर्गाची किमया' म्हणून उभीं राहतात, तो धबधबादेखील धरणांतून सोडलेलें पाणी आहे. मोरी बंद झाली कीं किमया संपली. अशा ठिकाणीं भिंत पुसून पाणी ठेवणें म्हणजे कारण खोडून कार्य ठेवणें होय. भिंत पुसावयाची तर पाणीहि पुसलें पाहिजे, आणि पाण्याखालची जुनी वाडी वर आणली पाहिजे. तेवढी सुधारणा करणारें यंत्र अद्यापि निघालेलें नाहीं.

अशा सुधारणेचें फळ केवळ नैतिक खातेवहींत जमा होतें, असेंहि नाहीं. काजव्यांचें उदाहरण घ्या. मेअखेर आणि जूनच्या आरंभीं, पहिल्या पावसाच्या तोंडावर, घाटघर, उडदावणे, पांजरे, मुरशेत या परिसरांत हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ अशीं झाडें काजव्यांनीं लुकलुकूं लागतात. प्रत्यक्ष दृश्य विलक्षण असतें, पण तें कालांत घडतें: उजळतें, विझतें, पुन्हां उजळतें, काळोख हा त्याचा अर्धा भाग असतो. आतां कॅमेरा तिकाटण्यावर ठेवून तीस सेकंदांचें एक, अशीं तीस चित्रें घ्यावींत आणि संगणकावर एकावर एक रचावींत. पंधरा मिनिटांतली प्रत्येक ठिणगी एकाच क्षणीं पेटल्यासारखी दिसते, आणि झाड सोन्यानें मढून निघतें. हा प्रयोग आम्हीं स्वतः केला आहे, आणि त्यांत कौशल्य आहे हें नाकबूल करीत नाहीं. 'पंधरा मिनिटांचें हें चित्र आहे' असें खालीं लिहिलें तर आमचा आक्षेपहि उरत नाहीं. पण तें लिहितो कोण? मुंबईपुण्याचा मनुष्य तें सोन्याचें झाड पाहून गाडी काढतो, रात्रीं तेथें पोहोंचतो, आणि समोरचें लुकलुकणें त्याला कमी वाटूं लागतें. मग तो आणखी जवळ जातो, विजेरी लावतो, गाडीचे दिवे टाकतो. काजव्याचा प्रकाश म्हणजे नरानें मादीस केलेला इशारा. झगझगाटांत तो इशारा हरवतो, आणि ज्या मातींत त्यांचीं अंडीं घातलीं जातात ती आपल्या बुटांखालीं तुडविली जाते. अशा गर्दीवर निर्बंध घालण्याची पाळी वनखात्यावर आली आहे. सुधारलेल्या चित्रानें आधीं पाहणाऱ्याचा डोळा बिघडविला, आणि बिघडलेल्या डोळ्यानें जागा बिघडविली.

तर मग हौशी माणसानें करावें काय? आमच्या मतें पारख आधीं, सुधारणा नंतर, हा क्रम पुन्हां प्रस्थापित केला पाहिजे. चित्रें घेतल्यावर निदान महिनाभर त्यांकडे पाहूं नये. तोंवर थंडी, श्रम, पहाटे उठल्याचा अभिमान हें सर्व विसरलें जातें, आणि चित्र एकटें उरतें. मग शंभरांतून एक निवडावें. उरलेल्या नव्याण्णवांस कसलेंहि औषध देऊं नये. दुबळ्या चित्रावर रंगांचा मारा करणें म्हणजे बेचव आमटींत तिखट ओतणें होय. निवडलेल्या एकास विचारावें: हें मीं कां घेतलें? मीं पाहिलें तें यांत आहे काय? आणि जें मला नको आहे, तें चित्राला नको आहे, कीं माझ्या अहंकाराला? शेवटीं तें अशा माणसास दाखवावें कीं ज्याचें आपल्यावर प्रेम नसलें तरी चालेल, पण त्या जागेशीं नातें असावें. आमच्या प्रदर्शनांतल्या दोनशें प्रेक्षकांस जें दिसलें नाहीं तें त्या गृहस्थांस एका नजरेंत दिसलें.

यानंतर सुधारणा अवश्य करावी. वांकडी क्षितिजरेषा सरळ करावी. कडेचा निरर्थक भाग कातरावा. डोळ्यांस दिसलेला पण यंत्रानें काळोखांत बुडविलेला तपशील वर काढावा. कॅमेऱ्याचा डोळा आपल्या डोळ्याहून अनेक बाबतींत कमजोर आहे, आणि त्याची उणीव भरून काढणें हें सत्याशीं इमान राखणेंच आहे. सीमा कोठें, असें कोणी विचारील, तर आमचें उत्तर एवढेंच: जें पाहिलें त्याकडे नेणारी ती सुधारणा; त्यापासून दूर नेणारी ती सफाई. सराव करणाऱ्यास हा भेद कळूं लागतो. निदान खोडरबराकडे हात जातांना तो क्षणभर थबकतो.

आम्हीं घरीं परतल्यावर मूळ चित्र पुन्हां उघडलें. तारा राहूं दिल्या. भिंतीचें टोंक राहूं दिलें; उलट तें उठून दिसावें म्हणून वरचें रिकामें आकाश कातरलें. वाडीवरचीं छपरें पहाटेच्या सांवलींत काळीं पडलीं होतीं, तीं थोडीं उजळलीं, आणि एका छपरांतून धूर निघतो आहे हें तेव्हां प्रथम आमच्या लक्षांत आलें. घेतांना तो आम्हांस दिसला नव्हता, पुसतांनाहि नाहीं.

नवी प्रत घेऊन गेलों तेव्हां त्यांनीं ती उजेडांत धरली, धूर निघणाऱ्या छपरावर बोट ठेवलें, आणि घरांत हांक मारून सर्वांस बोलाविलें. सून, नातवंडें, शेजारची म्हातारी, सगळीं त्या बोटाभोंवतीं गोळा झालीं. मग आमच्याकडे वळून, जणूं चित्रांतली एक बारीकशी चूक दाखवावी तशा स्वरांत, ते म्हणाले, "ह्यो पत्रा आता बदललाय, सर."