घसारा वयाचा की खुर्चीचा?

निवृत्तीनंतर वर्षातून एकदा संपूर्ण तपासणी, हा आता मध्यमवर्गाचा नवा कुळाचार झाला आहे. परवा मीही ट्रेडमिलवर चालून आलो. अहवालावर शेरा होता, ‘वयाच्या मानाने समाधानकारक’. उमेदीची वर्षे बँकेत असले शेरे मारण्यातच गेल्यामुळे मी त्या ‘मानाने’पाशी अडखळलो. हे मान ठरवले कोणी?

हृदयाच्या ठोक्यांची कमाल काढण्याचे रूढ सूत्र आहे 220 वजा वय. सत्तरीच्या माणसाला ते मिनिटाला 150 ठोके देते. 2001 साली तनाका आणि सहकाऱ्यांनी मांडलेले सूत्र त्यालाच 159 देते. जुन्या आकड्यावर विसंबून चाचणी लवकर आवरली, तर माणसाचे खरे बळ कागदावर उतरतच नाही. शिवाय रोज पोहणारा आणि रोज आरामखुर्चीत बसणारा, दोघांचीही ही कमाल वयाबरोबर जवळपास सारखीच उतरते. फरक असतो तो शरीर प्राणवायू किती वापरते यात.

1966 साली अमेरिकेत डॅलस येथे विशीतल्या पाच तरुणांना तीन आठवडे अंथरुणात झोपवून ठेवले. त्यांची ही क्षमता चतुर्थांशाहून अधिक घटली. तीस वर्षांनी तेच पाच जण पुन्हा तपासले. वजने चांगलीच वाढलेली, पण मूळ क्षमतेतली घट सुमारे 11 टक्केच. तीस वर्षांनी नेले नाही इतके तीन आठवड्यांच्या बिछान्याने नेले होते! मग सहा महिने व्यायाम केला आणि विशीतला आकडा परत आला. हृदय काही तरुण झाले नव्हते. स्नायू रक्तातून अधिक प्राणवायू ओढून घेऊ लागले होते.

पाच माणसे म्हणजे जग नव्हे, हे खरे. आणखी दहा वर्षांनी, साठीत, त्यांची घट त्या बिछान्याइतकीच भरली. वय आपला हप्ता वसूल करतेच. पण वयाचा घसारा आणि बसण्याचा घसारा एकाच खात्यावर का मांडायचा? बहुतेक समवयस्क बसूनच असतील, तर त्यांच्या सरासरीवर मिळालेले समाधान कशाचे?

एक चाचणी यंत्राविना होते. हातांची घडी छातीवर ठेवून खुर्चीतून 30 सेकंदांत किती वेळा उठता येते, ते मोजायचे. 65 ते 69 वयाच्या अमेरिकन पुरुषांची नेहमीची मजल 12 ते 18. जेवणाची खुर्ची भिंतीला टेकवली, सौ.ने घड्याळ धरले. सदुसष्टाव्या वर्षी मी अकरालाच थांबलो. मग तिने घड्याळ माझ्या हाती दिले, पदर खोचला आणि स्वतः बसली.

चौदा.