अर्धस्वयंचलित रायफल आणि तिचे दप्तर

अर्धस्वयंचलित रायफलीची अचूकता वाढवावयाची तर तिचा कोणता भाग बदलावा, असे विचारणारी पत्रे या मासिकाकडे वर्षभर येत असतात. लिहिणाऱ्यांत पोलीस मुख्यालयांतील शस्त्रागार सांभाळणारे आर्मोरर असतात, दलाच्या संघाला स्पर्धेसाठी तयार करणारे प्रशिक्षक असतात, आणि सैन्यातून निवृत्त होऊन गावी परतल्यावरही ज्यांच्या मनातून चांदमारी गेलेली नाही असे जाणते नेमबाजही असतात. प्रश्नामागची कळकळ खरी आहे, म्हणूनच उत्तर देताना प्रथम प्रश्नाचीच मांडणी बदलणे आम्हांस अवश्य वाटते. या रायफलीचा स्वतःचा फैलाव किती, तिच्यामागे पालथा पडून नेम धरणाऱ्या माणसाचा किती, आणि हाती दिलेल्या काडतुसांचा किती, हे तीन आकडे ज्याच्यापाशी लिहून ठेवलेले नाहीत, त्याने पान्याला हात लावू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

आपल्याकडे ही चर्चा कोणासाठी आहे, हेही सांगितले पाहिजे. १९५९चा शस्त्र अधिनियम आणि २०१६चे शस्त्र नियम यांच्या चौकटीत सैनिकी बनावटीची अर्धस्वयंचलित रायफल निषिद्ध वर्गात मोडत असल्याने ती सामान्य परवान्यावर मिळत नाही; आणि आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या रायफल स्पर्धांतही प्रत्येक गोळी हाताने भरावयाची एकफैरी रायफलच चालते. सबब हा विषय मुख्यत्वे सैन्य, निमलष्करी दले आणि पोलीस यांच्या अंतर्गत स्पर्धांचा आहे, आणि त्यांच्या हातांतील जुने, परिचित शस्त्र म्हणजे १९६०च्या दशकात ईशापूरच्या कारखान्यात तयार होऊ लागलेली ७.६२ मिलिमीटरची एसएलआर. तिची काडतुसे करणाऱ्या कारखान्यांपैकी दोन आपल्याच राज्यात आहेत, १८६९ मध्ये स्थापन झालेला खडकीचा आणि १९६४चा वरणगावचा.

आता फैलावाच्या गणिताकडे वळू. रायफलीचा फैलाव तीन कला (म्हणजे कोनाची तीन मिनिटे) आणि माणसाचा चार कला असेल, तर एकूण फैलाव सात कला होईल असे सहज वाटते. परंतु परस्परांवर अवलंबून नसलेल्या चुका अशा सरळ बेरजेने वाढत नाहीत, त्यांच्या वर्गांची बेरीज करून मूळ काढावे लागते, आणि म्हणून येथील उत्तर पाच कला येते. आता पदरचा खर्च करून, मंजुरीसाठी महिनोन्‌महिने कागद फिरवून, रायफल तीनवरून दोन कलांवर आणली, तर एकूण फैलाव साडेचारच्या जवळ, नेमके सांगावयाचे तर ४.४७ वर उतरतो. आणि रायफल जशीच्या तशी ठेवून माणूस चारवरून तीनवर आणला, तर तो ४.२४ होतो. मोठी चूक कमी केल्याचा लाभ लहान चूक कमी केल्याच्या लाभाहून अधिक असतो, हे या गणिताचे तात्पर्य. आणि मोठी चूक कोणती हे मोजल्यावाचून कळत नाही. रायफलीची चूक मोठी असेल तेथे आर्मोररनेच पुढे झाले पाहिजे हेही त्यातच आले. आमचा आग्रह माणसाच्या बाजूने नसून मोजणीच्या बाजूने आहे.

मोजणीचीही एक वाईट सवय सर्वत्र बोकाळली आहे. तीन गोळ्या झाडावयाच्या, त्या जवळजवळ पडल्या की तो कागद जपून ठेवावयाचा आणि रायफल उत्तम आहे असा दाखला द्यावयाचा! त्याच रायफलीतून, त्याच हाताने दहा गोळ्या झाडल्या तर दोन टोकांच्या छिद्रांमधील अंतर तीन गोळ्यांच्या मानाने सरासरीने दीडपटीहून थोडे अधिकच येते. त्यात रायफल बिघडलेली नसते, तीन गोळ्यांनी तिचा स्वभाव पुरता दाखविलेलाच नसतो. दहा गोळ्यांच्या दोन ग्रूपांखाली कोणताही निष्कर्ष काढू नये, आणि काडतुसांची टंचाई असेल तर निष्कर्षच पुढे ढकलावा, हे अधिक प्रामाणिक.

एसएलआरच्या रचनेकडे पाहू. पुष्कळांची अशी समजूत असते की, गोळी सुटताच दट्ट्या व बोल्ट मागे धावतात आणि त्या धक्क्याने नेम हलतो, म्हणून अर्धस्वयंचलित रायफल मुळातच अचूक असू शकत नाही. वस्तुस्थिती अशी की सुमारे ५३० मिलिमीटरची नळी पार करावयास गोळीला एक सहस्रांश सेकंदाच्या आसपास वेळ लागतो, आणि बोल्टाची मुख्य धाव गोळी बाहेर पडल्यानंतरची असते. खरा उपद्रव निराळ्या ठिकाणी आहे. नळीतून वायू घेणारी व्यवस्था नळीवरच बसविलेली आहे, पट्ट्याची पुढची कडीही नळीलाच आहे, आणि पालथे पडून पट्टा दंडाला आवळला की तो ताण नळीला ओढून गोळीचे स्थान बदलतो. एका दिवशी पट्टा एका भोकात आणि दुसऱ्या दिवशी दुसऱ्या भोकात अडकविणारा नेमबाज रोज नवी रायफल चालवीत असतो असे म्हटले तरी चालेल. दुसरे असे की, पुढची माशी नळीच्या बाजूला आणि मागचे दृष्टिछिद्र मात्र बिजागरीवर उघडणाऱ्या खालच्या चौकटीवर आहे. ही चौकट जुनी होऊन सैल झाली की, माशी आणि छिद्र यांचे परस्परांशी असलेले नातेच ढिले पडते, आणि मग नळी कितीही निर्दोष असली तरी तिचा उपयोग नाही. चौकट बंद करून दोन्ही हातांनी हलवून पाहणे ही तपासणी मिनिटभराची आहे. ती आधी करावी, नळी बदलण्याचे मागणीपत्र मागाहून लिहावे.

वायूच्या नियामकाविषयी आम्ही एवढेच म्हणू की, रायफल खात्रीने चालण्यास जेवढा वायू लागतो त्याहून फार अधिक देण्याने तिची विश्वसनीयता वाढत नाही, तिला बसणारे हिसके मात्र वाढतात. नियामक कोणत्या खुणेवर आहे हे लिहून ठेवावे आणि दुसऱ्या कोणी तो फिरवू नये. चापाचा भार या जातीच्या रायफलींत मोठा असतो. तो कानशीने हलका करण्याचा मोह काही हुन्नरी हातांना होतो. तो त्यांनी आवरावा, कारण सरकारी शस्त्राच्या चापाशी असा खेळ करणे सुरक्षिततेच्या दृष्टीने आणि हुकुमाच्या दृष्टीने दोन्हीकडून अक्षम्य आहे. जड चापाला उपाय रिकाम्या रायफलीवरील रोजच्या सरावाचा आहे, आणि चाप सुटल्यानंतरही क्षणभर माशीवरून दृष्टी न काढण्याचा आहे. पुढचे काडतूस आपोआप भरले जाते हेच या रायफलीचे प्रलोभन आहे. हाताने भरणाऱ्याला प्रत्येक गोळीनंतर सक्तीचा विराम मिळतो, येथे तो विराम नेमबाजाला स्वतः निर्माण करावा लागतो.

एक बारकावा अनुभवी लोकांना माहीत असूनही नोंदीत क्वचित येतो. पहिले काडतूस हाताने बोल्ट ओढून नळीत जाते, बाकीची यंत्राच्या वेगाने जातात. दोहोंची बैठक किंचित भिन्न होते, आणि पुष्कळ रायफलींची पहिली गोळी इतरांपासून अलग पडते. ती एका ठरलेल्या बाजूला पडत असेल तर तिला दोष म्हणू नये, तिची निराळी खूण करून ठेवावी.

अमेरिकेतील ओहायो राज्यात कॅम्प पेरी येथे १९०७ पासून राष्ट्रीय सामने भरतात, आणि सैनिकी अर्धस्वयंचलित रायफल अचूक करण्याची विद्या तेथे पिढ्यान्‌पिढ्या जोपासली गेली. १९५६ मध्ये स्थापन झालेल्या त्यांच्या लष्करी नेमबाजी पथकाच्या कारागिरांनी एम-१ आणि एम-१४ या रायफलींचा लाकडी दस्ता काचतंतू व राळेच्या लेपाने यंत्राच्या मापात घट्ट बसविण्याची पद्धत परिपक्व केली, कारण लाकूड हवेतील ओल पिते, फुगते, पुन्हा सुकते, आणि दर वेळी यंत्राला निराळ्या ठिकाणी दाबते. एवढ्या परिश्रमांनी साधलेली त्या रायफलींची सद्दी १९९०च्या दशकात संपली, ती एम-१६च्या वंशातील रायफलीने संपविली. तिच्यात पुढच्या हातपकडीची नळकांडी नळीला न शिवता मागे यंत्रालाच बसविण्याची सोय झाली, आणि पट्ट्याचा ताण नळीपर्यंत पोहोचेनासा झाला. आमच्या दृष्टीने या इतिहासातील मोलाची गोष्ट अशी की, दोन्ही वेळा सुधारणा झाली ती नळीला एकटे व निश्चल ठेवण्याची होती. एसएलआरला ती नळकांडी बसविता येत नाही, तसा अधिकारही आपणांस नाही. पण पट्टा एकाच भोकात ठेवणे आपल्या अधिकारात आहे.

हे संपादकीय आम्ही हेदवीहून लिहीत आहोत, आणि लाकडाच्या व पोलादाच्या या गोष्टी गुहागरच्या या किनारपट्टीवर पुस्तकात वाचाव्या लागत नाहीत. वर्षाला तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडणाऱ्या या प्रदेशात दाराची फळी ज्येष्ठात चौकटीत अडकते आणि माघात सैल होते. लाकडी दस्त्याच्या रायफलीला निराळा कायदा लागू नाही. हेदवीच्या किनाऱ्यावरील बामणघळीत भरतीचे पाणी उसळते तेव्हा उडणारा खारा तुषार वाऱ्याबरोबर गावात येतो, आणि नळीच्या तोंडाशी एका रात्रीत तांबूस छटा धरते. म्हणून कोकणातील आर्मोरर तेलाच्या बाबतीत उदार असतो, आणि ते योग्यच आहे. परंतु तेच तेल नळीत राहून गेले तर पहिल्या दोन-तीन गोळ्या भलतीकडे जातात, आणि झिरो करण्याच्या घाईत असलेला जवान त्या गोळ्यांवर विसंबून माशी फिरवून बसतो. मैदानावर जाण्यापूर्वी कोरडी चिंदी बाहेर स्वच्छ येईपर्यंत नळी पुसावी, आणि पावसाळ्यातील झिरो उन्हाळ्यात ग्राह्य धरू नये. दुर्बिणीच्या भिंगांत धरणारी बुरशी हा येथील आणखी एक शत्रू आहे. बंद पेटीपेक्षा कोरड्या, हवेशीर कपाटात भिंगे अधिक टिकतात.

वाऱ्याविषयी तर किनाऱ्यावरच्या माणसाला सांगावयास नकोच. सकाळी मतलई वारा मंद असतो, पुढे दिवस तापला की खारे वारे सुरू होतात. चांदमारीचे मैदान सूर्य डोळ्यांवर येऊ नये म्हणून शक्यतो उत्तराभिमुख आखतात. आपला समुद्र पश्चिमेला, तेव्हा अशा मैदानावर खारा वारा सरळ काटकोनात आडवा येतो, म्हणजे त्याचा सगळा जोर गोळीवर चालतो. ताशी सोळा किलोमीटरांचा असा वारा ७.६२च्या साध्या गोळीला ३०० मीटरांवर वीस सेंटिमीटरांच्या आसपास ढकलतो, आणि आंतरराष्ट्रीय ३०० मीटर लक्ष्यावरील दहाच्या वर्तुळाचा व्यास आहे अवघा दहा सेंटिमीटर. ज्याने सकाळी आठला झिरो केले आणि दुपारी बाराला सामना दिला, त्याने रायफलीवर रागावू नये. वेळ आणि वारा यांचे दोन रकाने नोंदवहीत असते तर राग येण्याचे कारणच उरले नसते.

एकफैरी रायफलीच्या नेमबाजांकडून घेण्यासारखे पुष्कळ आहे. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिक येथे ५० मीटर प्रोन प्रकारात ५९७ गुणांसह जगज्जेत्या झाल्या. राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळे यांनी १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर तीन स्थिती प्रकारात ४५१.४ गुणांचे कांस्यपदक मिळविले, आणि या प्रकारात भारताला मिळालेले ते पहिलेच ऑलिंपिक पदक. ज्या लक्ष्यावर दहाचे वर्तुळ १०.४ मिलिमीटरांचे असते, तेथे काडतुसांचा एक घाणा दुसऱ्याहून किंचित निराळा निघाला तरी गुण जातो. म्हणून या दर्जाचे नेमबाज एली, लापुआ यांसारख्या कारखान्यांच्या चाचणीकेंद्रांत आपलीच रायफल नेऊन, एकामागून एक लॉट झाडून, तिला मानवणारा लॉट निवडतात. पोलीस संघाला निवडीची ही मुभा नाही हे आम्ही जाणतो. परंतु आलेल्या पेट्यांवरचा लॉट क्रमांक वाचून एकाच लॉटची काडतुसे सराव, झिरो आणि सामना यांसाठी राखून ठेवणे, हे कोणत्याही शस्त्रागारात आजच्या आज, एक पैसाही न खर्चता होऊ शकते. सराव एका लॉटवर आणि सामना दुसऱ्या लॉटवर, हा शिरस्ता आम्हांस सर्वांत अधिक क्लेश देतो, कारण त्यात महिनोन्‌महिन्यांचे श्रम केवळ बेपर्वाईने पाण्यात जातात.

आणि रायफलीचेही तेच. ज्या बट क्रमांकावर जवानाने सराव केला तोच बट क्रमांक त्याला सामन्याच्या दिवशी मिळेल, अशी तजवीज वरिष्ठांनी लेखी हुकुमाने करावी अशी आमची आग्रहाची विनंती आहे. १९५१ मध्ये राष्ट्रीय रायफल संघटना स्थापन झाली, तिचे संस्थापक आणि पहिले अध्यक्ष दादासाहेब मावळंकर हे लोकसभेचे पहिले अध्यक्ष म्हणून सर्वांना ठाऊक आहेत. त्यांचे घराणे मूळचे या जिल्ह्यातील, संगमेश्वराकडच्या मावळंगे गावचे, आणि त्यांचे आरंभीचे काही शिक्षण राजापुरास झाले, हे रत्नागिरीकरांनाही अनेकदा सांगावे लागते. राष्ट्रीय स्पर्धेच्या उंबरठ्यावर आजही त्यांच्या नावाची स्पर्धा उभी आहे. सभागृहाचे काम नियमावर आणि नोंदीवर चालते असा ज्यांचा आयुष्यभर आग्रह होता, त्या पुरुषाने या देशातील नेमबाजीची पहिली घडी बसविली, ही गोष्ट आम्हांस फार अर्थपूर्ण वाटते. मग त्यांच्याच जिल्ह्यातील शस्त्रागारांत प्रत्येक स्पर्धा-रायफलीचे स्वतंत्र दप्तर का नसावे?

त्यासाठी पुढील अंकाबरोबर एका पानाचा कोरा तक्ता वाचकांस देत आहोत. त्यात दिनांक, वेळ, वारा, हवेतील ओल, काडतुसांचा लॉट, पट्ट्याचे भोक, नियामकाची खूण, पहिल्या गोळीचे स्थान आणि दहा-दहा गोळ्यांच्या दोन ग्रूपांची मापे एवढेच रकाने आहेत. एकाच रायफलीचा एक तक्ता आषाढ-श्रावणात आणि एक पौष-माघात भरून, दोन्ही मिळून आमच्याकडे पाठवावेत. शस्त्राचा बट क्रमांक आणि शस्त्रागाराचे ठिकाण त्यावर लिहू नये, केवळ किनारा की घाटमाथा एवढे कळविले तरी पुरे. आलेले तक्ते एकत्र मांडून ओलीचा आणि फैलावाचा संबंध कोकणात किती आणि देशावर किती, हे फाल्गुनाच्या अंकात सविस्तर छापू.