प्रार्थनाघर पाडण्याआधी आमचे ऐका : काठी परिसरातील मंडळी व ग्रामस्थांचे मागणीपत्र

प्रति,
मा. जिल्हाधिकारी, नंदुरबार

विषय : पाड्यांवरील जुन्या प्रार्थनाघरांची स्वतंत्र तपासणी व सुनावणी होईपर्यंत पाडकाम न करण्याबाबत.

महोदय,

जुलै २०२५ मध्ये महसूलमंत्री चंद्रशेखर बावनकुळे यांनी विधानसभेत सांगितले की, धुळे-नंदुरबारमधील अनधिकृत चर्च चौकशी करून सहा महिन्यांत पाडली जातील. त्या चर्चेत नवापूर तालुक्यापुरता १९९ हा आकडा आला. तेव्हापासून अक्कलकुवा-मोलगी रस्त्यालगतच्या पाड्यांवर माणसे एकमेकांना विचारतात, आपले प्रार्थनाघर पाडायच्या यादीत आहे का?

आमचे प्रार्थनाघर म्हणजे कुडाच्या भिंती, वर कौले, मध्ये सागाचे दोन खांब. नाताळाआधी बाया भिंती शेणमातीने सारवतात. म्हातारी माणसे खांबाला टेकून बसतात, त्यामुळे पाठ टेकते तेवढ्या उंचीवर लाकूड तुळतुळीत झाले आहे. एकदोन वर्षांत लाकूड असे होत नाही. कोपऱ्यातल्या पत्र्याच्या पेटीत बाप्तिस्म्याची आणि लग्नांची वही आहे. सात-बारा मात्र नाही आणि ग्रामपंचायतीच्या नमुना ८ मध्येही नोंद नाही. शेजारच्या निम्म्या घरांचेही तसेच आहे. सातपुड्यात कागद माणसाच्या मागून येतो. म्हणून कागद नसणे म्हणजे अतिक्रमण, हा हिशेब इथे लावू नये.

वनहक्क कायद्याच्या नियमांना हे उमगले आहे. नियम १३ प्रमाणे दावेदार सोडून गावातल्या इतर वडीलधाऱ्यांचा लेखी जबाब पुरावा ठरतो, उभे घर आणि झोपडीही पुरावा ठरते. नेवाडाच्या, म्हणजे वनजमिनीवर कसलेल्या, शेताला म्हाताऱ्याचा शब्द चालतो, तर त्याच म्हाताऱ्याने बांधलेल्या प्रार्थनाघराला का चालू नये? म्हणून आमची पहिली मागणी अशी आहे. प्रत्येक इमारतीचा पंचनामा जागेवर, मंडळीचे पाळक, पोलीस पाटील आणि वडीलधारी माणसे समोर ठेवून व्हावा. वय, जागा आणि जमिनीचा प्रकार त्यात लिहावा व प्रत आम्हाला मिळावी.

सर्वोच्च न्यायालयाने २९ सप्टेंबर २००९ च्या आदेशात सार्वजनिक जागेवर नवे अनधिकृत धर्मस्थळ होऊ देऊ नये असे म्हटले, पण आधीपासून असलेल्यांचा निर्णय एकेक प्रकरण पाहून घ्यायला सांगितले. राज्याने ५ मे २०११ च्या शासन निर्णयाने धोरण ठरवले. त्यात नियमित करणे, हलवणे आणि काढून टाकणे असे तिन्ही मार्ग आहेत. थेट तिसऱ्या मार्गाने जाऊ नये. २९ सप्टेंबर २००९ नंतर कुणी रस्त्यात किंवा शाळेच्या पटांगणात बांधले असेल, तर ते वाचवा म्हणून आम्ही येणार नाही.

सर्वोच्च न्यायालयाच्या १३ नोव्हेंबर २०२४ च्या निकालाप्रमाणे पाडण्याआधी किमान पंधरा दिवसांची नोटीस, म्हणणे मांडण्याची संधी आणि कारणे देणारा आदेश हवा. रस्ता, पदपथ, नदीपात्र अशा जागांना ते संरक्षण नाही, हे आम्हाला ठाऊक आहे. म्हणून तर आधी मोजणी मागतो. जागा कोणती हे मोजल्याशिवाय कुणालाच सांगता येणार नाही. नोटीस पाड्यावर वाचून दाखवावी आणि सुनावणीला आमची बोली जाणणारा माणूस असावा. दूरच्या कार्यालयाच्या फळ्यावर कागद लावला म्हणजे नोटीस पोचली, असे धरू नये.

अक्कलकुवा तालुका अनुसूचित क्षेत्रात आहे. १९९६ च्या पेसा कायद्याने गावाच्या चालीरीती आणि सांस्कृतिक ओळख जपण्याचे काम ग्रामसभेवर सोपवले आहे. तेव्हा पाड्यावरची इमारत पाडण्याआधी विषय ग्रामसभेत यावा. चर्च ही आदिवासींची परंपरा नव्हे, असे काही जण म्हणतील. त्यांनीही ग्रामसभेतच बोलावे, आम्ही ऐकून घेऊ. काठीच्या राजवाडी होळीला दूरदूरचे लोक रात्रभर नाचतात आणि पहाटे होळी पेटते. तिथे कुणाला कुणाची प्रार्थना विचारली जात नाही. पश्चिम खानदेशात ख्रिस्ती मंडळ्या गेल्या शतकाच्या आरंभापासून आहेत, चिंचपाड्याचे ख्रिस्ती रुग्णालय १९४२ पासून आहे. धर्मांतराबद्दल कुणाची तक्रार असेल तर त्या माणसाची चौकशी वेगळी व्हावी. त्याचा निकाल कौलांवर काढू नये.

सर्व तपासणीनंतरही एखादी इमारत हटवायचीच ठरली, तर पर्यायी जागा आधी दाखवावी. पावसाळ्यात हात लावू नये. आणि जेसीबी आणू नये. कौले, खांब आणि ती वही आम्ही आमच्या हातांनी उतरवू. त्यासाठी किमान तीस दिवस मिळावेत, कारण आमच्यातले बरेच जण कामाला गुजरातेत गेलेले असतात.

आपले,
काठी परिसरातील मंडळीचे सभासद व ग्रामस्थ