आधी प्रश्न, मग पेन्सिल!

मित्रहो, प्लेसमेंट जवळ आली की होस्टेलवर तयार उत्तरांच्या फाइल्स फिरू लागतात. प्रॉडक्ट डिझाइनच्या मुलाखतीसाठीही तेच! 'अंध व्यक्तीसाठी घड्याळ डिझाइन करा' असं म्हटलं, की आपण लगेच चित्र काढायला बसतो. माझ्या मते घोळ तिथेच होतो. आपण आधी काय विचारतो, हेही समोरचा बघत असतो. व्यक्ती जन्मापासून अंध की उतारवयात? वापर घरात की एसटीत? किंमत किती परवडेल?

लक्ष्मणराव किर्लोस्करांचा लोखंडी नांगर आठवा. १९०३ साली नांगर तयार झाला, पण लोखंडाने जमीन नासते या समजुतीपायी शेतकरी तो घेईनात. पहिले नांगर खपायला दोन वर्षं गेली. म्हणजे वापरणाऱ्याच्या मनातली भीती हासुद्धा डिझाइनचाच प्रश्न असतो.

मग तयारी कुठे करायची? वडगावच्या आठवडा बाजारात! पाऊस आला की भाजीवाल्या मावशी एका हाताने ताडपत्री ओढतात, दुसऱ्याने तराजू सांभाळतात. त्यांना विचारा, पाच स्केचेस काढा, पुठ्ठ्याचं मॉडेल करून त्यांनाच दाखवा. त्या हसल्या तर का हसल्या ते लिहून ठेवा. मग रूमवर ३० मिनिटं लावून तोच विचार पार्टनरला मोठ्याने समजावून सांगा.

सरांनी वर्कशॉप संध्याकाळी तासभर उघडं ठेवलं तर सोन्याहून पिवळं. पुण्या-मुंबईच्या पोरांना घाबरायचं कारण नाही. चला, या आठवड्यात बाजाराला जाताना पिशवीबरोबर वहीही घ्या!