लिस्बनचा भूकंप आणि ईश्वराचे स्वयंघोषित वकील

१/ १ नोव्हेंबर १७५५, सर्व संतांचा सण. लिस्बनमधील चर्च मिस्सासाठी भरलेली असताना भूकंप झाला. पाठोपाठ समुद्र शहरात शिरला, मग कित्येक दिवस आग धुमसत राहिली. हजारो माणसे मेली. निसर्ग ईश्वराच्या आज्ञेत आहे, तेव्हा ही पापाची शिक्षाच, असे निदान लगोलग सुरू झाले.

२/ या प्रसंगाची प्रचलित कथा अशी की, ‘आपत्ती म्हणजे पापाचे फळ’ हे बायबलने शिकवले आणि प्रबोधनयुगाने ते खोडून काढले. कथा सुटसुटीत आहे. मात्र ज्या ग्रंथावर आरोप आहे, तो उघडून पाहण्याचे कष्ट ती घेत नाही.

३/ इटालियन जेझुइट गाब्रिएल मालाग्रिदा याने १७५६ मध्ये पुस्तिका काढून लिस्बनच्या पापांना भूकंपाचे कारण ठरवले. लोक निवारे उभारण्यात दाखवतात तेवढा उत्साह पश्चात्तापात दाखवत नाहीत, ही त्याची तक्रार! तिकडे इंग्लंडमध्ये जॉन वेस्लीने पोर्तुगालमध्ये धर्माच्या नावाने सांडलेल्या रक्ताकडे बोट दाखवले. भूकंप एकच, पण प्रत्येकाचा आरोपी वेगळा.

४/ आता ग्रंथ पाहू. ईयोबाची मुले वादळाने घर कोसळून मरतात. मित्र म्हणतात, तू पाप केले असशील. अखेर ईश्वर वावटळीतून बोलतो : पृथ्वीचा पाया कोणी घातला? समुद्राला मर्यादा कोणी घातली? निसर्गावरील ईश्वरी सत्तेची याहून भव्य घोषणा बायबलमध्ये क्वचितच सापडेल. आणि तिच्या पाठोपाठ, ४२व्या अध्यायात, ईश्वराचा कोप त्या मित्रांवरच होतो.

५/ लूकच्या १३व्या अध्यायात शिलोहचा बुरूज कोसळून १८ माणसे मेल्याचा उल्लेख आहे. ती इतर यरुशलेमकरांपेक्षा अधिक दोषी होती काय? येशूचे उत्तर स्पष्ट आहे : नाही. पश्चात्तापाची हाक तो देतो, पण ती ऐकणाऱ्या सर्वांना. मृतांवर निवाडा करत नाही.

६/ आक्षेप येईल : जलप्रलय आणि इजिप्तवरील पीडांचे काय? आक्षेप रास्त आहे. तेथे आपत्ती शिक्षाच आहे. पण नोहाला आधी सांगितले जाते, फारोलाही बजावले जाते. आपत्ती घडून गेल्यावर प्रेतांकडे पाहून पाप हुडकणे ही संदेष्ट्यांची नव्हे, ईयोबाच्या मित्रांची रीत.

७/ मार्कच्या ४थ्या अध्यायात येशू वादळ शांत करतो. वारा आणि समुद्र त्याचे ऐकतात, हे पाहून शिष्य भयचकित होतात. ते वादळ कोणाच्या पापामुळे उठले, याची चौकशी मात्र तेथे कोणी करत नाही.

८/ प्रबोधनाच्या विजयाची कथाही निर्मळ नाही. पुढे पोंबालचा मार्क्विस झालेल्या मंत्र्याच्या काळात गावोगावच्या धर्मगुरूंना प्रश्नावली गेली : धक्का किती वेळ टिकला, किती मेले, समुद्र चढला की ओसरला? हे कार्य मोलाचेच, आणि उत्तरे लिहिणारे धर्मगुरूच होते. परंतु त्याच मंत्र्याच्या राजवटीत, १७६१ मध्ये, वृद्ध मालाग्रिदाला इन्क्विझिशनने पाखंडी ठरवले. गळा आवळून मारून त्याचे प्रेत जाळण्यात आले.

९/ म्हणून ‘बायबल विरुद्ध विज्ञान’ ही मांडणी लिस्बनला लागू करणे हा आळस आहे. निसर्गावरील सत्ता शास्त्राने ईश्वराच्या हाती ठेवली. ढिगाऱ्यापाशी उभे राहून त्याच्या नावाने निकाल वाचण्याचा अधिकार मालाग्रिदाने परस्पर घेतला. खटला भरायचा तर त्याच्यावर भरावा. ईयोबाच्या ग्रंथाने त्याचा निकाल कितीतरी शतके आधीच लिहून ठेवला होता.