पुलगावचे गुपित कोणापासून?

३१ मे २०१६ रोजी, मध्यरात्र उलटल्यावर, वर्धा जिल्ह्यातल्या पुलगावच्या केंद्रीय दारूगोळा भांडारात आगीचा डोंब उसळला. दोन लष्करी अधिकारी आणि आग विझवायला धावलेले अग्निशमन कर्मचारी मिळून पंधराहून अधिक जणांचा बळी गेला. आगरगावसह लगतच्या गावांतली माणसे म्हातारेकोतारे आणि लेकरे घेऊन अंधारात घराबाहेर पडली. तत्कालीन संरक्षणमंत्री मनोहर पर्रीकर त्याच दिवशी पुलगावात पोहोचले. त्या मृतांचे स्मरण करताना डेपोतल्या गुप्ततेबद्दलही बोलले पाहिजे, कारण तो विषय या दुर्घटनेपासून वेगळा काढता येत नाही.

डेपोत काय, किती आणि कुठल्या शेडमध्ये आहे, हे शत्रूला कळता कामा नये. त्यासाठीच १९२३ चा शासकीय गुपिते अधिनियम आहे. पण आता गुपित फुटायला फाईल चोरावी लागत नाही. धावण्याचा व्यायाम नोंदवणाऱ्या स्ट्राव्हा ॲपच्या नकाशावर परदेशांतले लष्करी तळ उजळून दिसतात, हे २०१८ च्या जानेवारीत जगाने पाहिले. भारतीय सैन्याने २०२० च्या जुलैमध्ये जवानांना ८९ ॲप मोबाईलमधून काढायला सांगितली. २०२३ च्या मे महिन्यात पुण्यातल्या डीआरडीओ प्रयोगशाळेच्या संचालकांना अटक झाली; समाजमाध्यमावरच्या ओळखीतून गोपनीय माहिती पाकिस्तानी हेरांपर्यंत गेल्याचा आरोप त्यांच्यावर आहे. खरेखोटे न्यायालय ठरवील. मात्र धोका केवळ मोठ्या हुद्द्यांवर नसतो. गेटपासचा फोटो, उभ्या ट्रकांच्या रांगेचा व्हिडिओ, सुटलेल्या मालगाडीची वेळ, यांतले एकेकटे काहीच सांगत नाही. चार ठिकाणचे तुकडे जुळवणाऱ्याला मात्र पुष्कळ कळते. असे काही उघड न करण्याची खबरदारी पुलगावच्या प्रत्येक घराने घ्यावी, असे आम्हाला मनापासून वाटते.

तरीही माहिती लपवली म्हणजे ती सुरक्षित झाली, असे नाही. ती अचूक असावी लागते आणि ज्याला तिची गरज आहे त्याच्या हाती वेळेवर पडावी लागते. माहिती-सुरक्षेचे जाणकार गोपनीयतेइतकेच वजन या दोन गोष्टींना देतात. दारूगोळ्याच्या बाबतीत तर तो जगण्यामरण्याचा प्रश्न असतो. कोणता लॉट कधीचा, त्यात कोणता दोष आढळला, तो शेजारच्या साठ्यापासून किती दूर ठेवायचा, ही नोंद एका कार्यालयातून दुसऱ्या कार्यालयात जाताना रेंगाळली तर शेडमध्ये उभा असलेला माणूस आंधळा होतो. २०१६ च्या आगीमागे रणगाडाविरोधी सुरुंगांतून पाझरणारे टीएनटी हे स्फोटक असल्याची वृत्ते पुढे आली. दोषाची माहिती आणि तिच्यावरची कृती यांत किती काळ गेला, हे विचारणे देशद्रोह नव्हे.

२० नोव्हेंबर २०१८ ला याच भांडाराजवळच्या सोनेगाव आबाजी परिसरात जुना दारूगोळा निकामी करण्याच्या मैदानावर स्फोट झाला आणि सहा जण गेले. त्यांत आसपासच्या गावांतले कंत्राटी मजूर होते. हाताखालच्या पेटीत काय आहे, ती कशी धरायची आणि काय दिसले तर पळायचे, हे त्यांना त्यांच्या बोलीत कोणी नीट समजावले होते का? शत्रूच्या हेराला त्या पेटीतला साठा जितका मोलाचा, त्याहून मजुराला ही माहिती मोलाची.

म्हणून आमची मागणी आहे. कुंपणालगतच्या प्रत्येक ग्रामपंचायतीत भोंग्यांचे अर्थ, गाव सोडण्याच्या वाटा, जमण्याची ठिकाणे आणि संपर्क क्रमांक मराठीत लावावेत व वर्षातून एकदा त्याची रंगीत तालीम व्हावी. कंत्राटी मजुराला धोक्याची माहिती दिल्याची नोंद झाल्याशिवाय त्याला कामावर उतरवू नये. साठ्याचे आकडे वगळून, दोन्ही दुर्घटनांच्या चौकशीतले सुरक्षेविषयीचे निष्कर्ष लोकांसमोर ठेवावेत. यातले काहीही उघड झाल्याने सीमेपलीकडच्या कोणाचा फायदा होत नाही, आणि आगरगावच्या माणसाला पुढच्या वेळी कुठल्या दिशेने धावायचे ते ठाऊक असेल.