चित्रपटांचे त्रोटक निकाल

वृत्तपत्रांतील समीक्षकानें चार ओळींत चित्रपटाचा निकाल द्यावा, ह्यांत गैर कांहीं नाहीं. परंतु नुसते गुण मांडून शेरा न लिहिणाऱ्या परीक्षकापासून विद्यार्थी काय शिकणार? निकाल त्रोटक असावा, कारण मात्र गाळूं नये. ‘प्रभात’चे चार जुने बोलपट वाचकांनीं ह्याच कसोटीस लावून पाहावे.

‘संत तुकाराम’ (१९३६): उत्तम. विष्णुपंत पागनिसांच्या भक्तीइतकीच गौरी ह्यांच्या जिजाईची भाकरीची विवंचनाहि खरी वाटते.

‘कुंकू’ (१९३७): श्रेष्ठ. जरठविवाहाचा निषेध रोखठोक आहे. तरी केशवराव दात्यांनीं वठविलेल्या वृद्ध पतीची कींव येते. प्रतिपक्षाची बाजू दडपलेली नाहीं.

‘शेजारी’ (१९४१): चांगला. हिंदु-मुसलमान स्नेह्यांत धरणापायीं वितुष्ट येतें. उपदेश किंचित् उघड, पण कळकळ निर्विवाद.

‘रामशास्त्री’ (१९४४): अवश्य पाहावा, समीक्षकांनीं तर विशेषच. राघोबादादांना देहान्ताची शिक्षा सांगावयास शब्द थोडेच लागतात. पण शास्त्रीबुवा आधीं पुरावा तपासतात, मग तोंड उघडतात.